खोळंबा

अप्पांनी केलेली कवळी बसवून झाली की गिऱ्हाईक दुकानाच्या दारातच सफरचंदाचा चावा घेऊन दाखवायचं. अप्पा मान वर न करता नुसता आवाज ऐकायचे आणि सांगायचे, डावीकडे जरा उंच झालीय, उद्या या. अख्खं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवण्यात घालवलं. स्वतःचे दात मात्र सगळे शाबूत होते, आणि त्याचा त्यांना एवढा तोरा होता की हसण्यासारखं काही नसलं तरी ते हसायचे.

छातीनं कुरकुर सुरू केली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना दुकान बंद करायला लावलं. दुकान बंद झालं, पण हात स्वस्थ बसेनात. मग घराच्या वरच्या मजल्यावर, जिथं पूर्वी प्लास्टरची पोती आणि जबड्यांचे साचे रचून ठेवलेले असायचे त्या लांबट खोलीत, अप्पांनी रेल्वे उभी केली. कंबरेइतक्या उंच फळ्यांवर, भिंतींना लागून. मागच्या भिंतीशी प्लास्टरचा डोंगर आणि त्यात बोगदा, बोगद्यातून बाहेर पडलं की एक छोटं ठाणं, मग पूल, मग दुसरं ठाणं, दाराजवळ एक मोठं वळण, आणि खिडकीखाली मुख्य स्टेशन, दोन फलाटांचं. माणसं मात्र त्यांनी उरलेल्या कवळीच्या मसाल्यातून कोरली. नखाएवढी माणसं, पायात बारीक तार, आणि ती तार फलाटाला पाडलेल्या भोकात रोवलेली. मसाला मूळचा हिरड्यांच्या रंगाचा, त्यामुळे वरून कितीही रंग चढवला तरी ऊन पडलं की त्या गावातल्या सगळ्यांचे गाल गुलाबी दिसत.

गंमत म्हणजे ही माणसं खरी होती. ज्यांच्या तोंडात अप्पांनी कधीतरी बोटं घातली होती तेच सगळे तिथं उभे होते. माणसाचा जबडा कळला की माणूस कळला, बाकीचं सगळं त्यावरच बसवलेलं असतं, असं अप्पा म्हणायचे. पहिल्या ठाण्यावर बाजारातले चष्मेवाले, खांदा एका बाजूला पाडून. दुसऱ्या ठाण्यावर अंडीवाली, टोपली मांडीवर घेऊन. मुख्य स्टेशनच्या बाकावर खुद्द अप्पा, पायाशी बॅग.

तारा आणि कॉम्प्युटर हा मुलीचा प्रांत. तिला घरात छोटी म्हणत. वय चाळिशीच्या पुढे, उंची बापाएवढी, तरी नाव छोटीच. ती लिफ्टचे प्रोग्रॅम लिहायची. दार उघडं असताना लिफ्ट हलता कामा नये आणि मजला आल्याशिवाय दार उघडता कामा नये, हे यंत्राला पटवून देण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. अप्पांच्या गाड्यांसाठी तिनं विकतचं सॉफ्टवेअर आणलं, पण आतले नियम स्वतः लिहिले. रुळांचे तुकडे पाडले, त्यांना ब्लॉक म्हणायचं. ब्लॉकवर इंजिन किंवा डबा आला की तो थोडी वीज ओढतो, ते कॉम्प्युटरला कळतं आणि पडद्यावर तेवढा तुकडा लाल होतो. रिकामा असला की करडा. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढचा ब्लॉक लाल असेल तर मागचा सिग्नल आपोआप लाल, आणि लाल सिग्नलला गाडी थांबणार म्हणजे थांबणार. हा शेवटचा नियम छोटीच्या स्वभावातच होता म्हणा ना.

त्यांच्यासोबत अप्पांची बहीण राहायची, आत्या. तिला रेल्वेत काडीचा रस नव्हता. तिचं म्हणणं एवढंच की या वयात माणसं देवाला किंवा डॉक्टरला धरतात, माझ्या भावानं रूळ धरले.

एका सुट्टीच्या सकाळी अप्पा खुर्चीत बसून प्रवासी गाडी बघत होते. गाडी बोगद्याच्या तोंडाशी आली आणि थांबली. छोटीनं पडद्याकडे पाहिलं. बोगद्यातला ब्लॉक लाल होता. आत एखादा डबा सुटून राहिला असेल म्हणून तिनं डोंगराचं झाकण उचललं, टॉर्च मारला. रूळ रिकामे होते. तिनं ते स्पिरिटनं पुसले, जोड तपासले, वीज ओळखणारं यंत्र काढून दुसरं लावलं. लाल जाईना. माणसं खोटं बोलली तर छोटी समजून घ्यायची, त्यांना कारणं असतात. सेन्सर खोटं बोलला की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आत्यानं खालून चहासाठी हाक मारली आणि वर उंदीर झाले असतील म्हणून ठरवूनही टाकलं. अप्पा म्हणाले, आत गाडी असेल. छोटीला वाटलं, चेष्टा करतायत.

तिनं त्या ब्लॉकची तारच तोडली. पडद्यावरचा बोगदा करडा झाला. आणि लगेच त्याच्या पुढचा, डोंगराबाहेरचा ब्लॉक लाल झाला.

हा ब्लॉक उघड्यावर होता. खिडकीतून आलेलं ऊन थेट त्या रुळांवर पडलं होतं. तिथं काही नव्हतं. छोटीनं रुळांवरून तळहात फिरवला, खाली वाकून आडव्या नजरेनं पाहिलं. नुसते रूळ आणि अप्पांनी चिकटवलेली खडी. ती बघत असतानाच पडद्यावर तो ब्लॉक करडा झाला आणि पहिल्या ठाण्याचा लाल झाला. ठाण्यावर लाली थांबली. प्रवासी गाडी थांबते तेवढीच थांबली, उतरणाऱ्याला उतरू द्यावं, चढणाऱ्याला चढू द्यावं एवढी. मग पुलाचा ब्लॉक लाल झाला, आणि तिथं मात्र लाली खिळून राहिली.

छोटीनं कपाळ पुसलं आणि सगळं बंद केलं. चेष्टेनं नव्हे, अगदी मनापासून तिला वाटलं की कुठल्या तरी तारेतून वीज झिरपतेय. जेवण झाल्यावर नीट बघू.

ती वर परत गेली तेव्हा पहिल्या ठाण्याच्या फलाटावर चष्मेवाले नव्हते. बारीक भोक तेवढं राहिलं होतं. तिनं फळीखाली पाहिलं, खडीत बोटं घालून चाचपलं, केरसुणीनं जमीन झाडली. संध्याकाळी आत्या बाजारातून आली ती जिन्यातच बसली. चष्मेवाले गेले होते. गिऱ्हाइकाची काच पुसता पुसता टेबलावर डोकं टेकलं, आणि गिऱ्हाईक बिचारं कितीतरी वेळ वाट बघत उभं राहिलं, म्हणे.

छोटी कुणाला काही बोलली नाही. योगायोगाला ती घाबरायची नाही. लिफ्ट बिघडली की लोक किती योगायोग सांगतात ते तिनं ऐकलं होतं. तिनं रेल्वेवर जुन्या चादरी टाकल्या, प्लग काढले, दाराला कडी घातली आणि मनातल्या मनात म्हणाली, बस आता अंधारात.

काही दिवस असे गेले. अप्पांना दम लागू लागला. आधी जिन्यात, मग बोलताना. डॉक्टर येऊन गेले, हृदयाच्या झडपेबद्दल बोलले, वयाबद्दल बोलले, आणि निघताना छोटीशी बोलताना त्यांनी आवाज खाली आणला. त्याच दिवशी दुपारी अंडीवालीचा मुलगा दारावर अंडी घेऊन आला. आईच्या ऐवजी मी येईन यापुढं, एवढंच म्हणाला. छोटीनं त्याच्याशी दोन शब्द बोलून दार लावलं आणि सरळ वर गेली. चादरी काढल्या. दुसऱ्या ठाण्यावर टोपली होती, टोपली धरणारी नव्हती. प्लग लावला, कॉम्प्युटर सुरू झाला, आणि दुसऱ्या ठाण्याच्या पुढचा ब्लॉक लाल होऊन समोर आला.

तेव्हा छोटीला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे वीज बंद केल्यानं ती गाडी थांबत नाही, उलट मोकाट सुटते. दुसरी म्हणजे पुढं आता वळण होतं, आणि वळणानंतर मुख्य स्टेशन.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला राग आला. इतका की कानाच्या पाळ्या तापल्या. माझ्या घरात, माझ्या तारांवरून, मला न विचारता. ती मुख्य स्टेशनवर गेली, बाकावरच्या अप्पांना दोन बोटांत धरलं आणि तारेसकट उपटून खिशात टाकलं.

"भोक तर राहिलंच की," मागून अप्पा म्हणाले.

ते कधी जिना चढून आले होते कोण जाणे. दाराच्या चौकटीला धरून उभे होते, ओठ निळसर. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग रिकाम्या टोपलीकडे, आणि काही विचारलं नाही. आयुष्यभर तोंडात बघून निदान केलेल्या माणसाला विचारायची गरज पडली नसावी. तिनंच मग सगळं सांगितलं, तुटक तुटक, जणू कुणाच्या लिफ्टची तक्रार लिहून घेतेय. अप्पा ऐकून म्हणाले की गाडी शिस्तीची दिसतेय, ठाण्यावर थांबते, वेळ घेते, धावत नाही.

"शिस्तीची ना?" छोटी म्हणाली. "मग बघू."

पडद्यावर वळणाचा ब्लॉक लाल झाला. वळणाच्या शेवटी, स्टेशनच्या अलीकडं, अप्पांनी तांब्याच्या तारेचा एक सिग्नल उभा केला होता, आगपेटीच्या काडीएवढा, वर खरा दिवा. छोटीनं त्यावर माउस नेला आणि स्वतःच्या हातानं तो लाल केला. पुढचा ब्लॉक रिकामा होता, नियमाप्रमाणं सिग्नलला लाल व्हायचं काही कारण नव्हतं. कारण मी म्हणतेय, हेच कारण.

वळणाचा ब्लॉक लाल राहिला. त्यापुढचा करडा राहिला. दोघं बघत बसली. समोरच्या लाँड्रीतून कपड्यांची चाकाची गाडी बाहेर आली, आत गेली. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. वळणाचा ब्लॉक लालच होता, आणि अप्पांच्या ओठांवरचा निळा रंग उतरला होता.

त्यानंतर छोटीनं जे केलं ते ती लिफ्टसाठी करायची तसंच केलं, फक्त दुप्पट. कॉम्प्युटरला बॅटरी जोडली, बॅटरीला दुसरी बॅटरी. अपडेट बंद केले. सिग्नलच्या दिव्याला बॅटरीतून वेगळी तार दिली. ऑफिसचं काम घरून करायला घेतलं आणि टेबल जिन्याच्या तोंडाशी मांडलं. सिग्नल एकदा हिरवा करून बघावा, ती खरंच पुढं येते का, एवढी चाचणी घ्यावी, असं कधी तिच्या मनात येऊन जाई. सगळ्या शिक्षणाविरुद्ध तिनं ती चाचणी घेतली नाही.

अप्पा जेवू लागले. खाली उतरून दारापर्यंत फिरून येऊ लागले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, सुधारणा नाही, पण बिघाडही नाही; चाललंय तसं चालू द्या.

आत्याला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. तिला एवढंच दिसायचं की वरच्या खोलीत दिवसरात्र काहीतरी सुरू आहे आणि धूळ साचतेय. एके दिवशी भरदुपारी ती झाडू मारायचं यंत्र घेऊन वर गेली. छोटी खाली अप्पांच्या औषधांची वेळ बघत होती. वरून यंत्राची घरघर ऐकू आली आणि समोर बसलेल्या अप्पांच्या हातातला पेला कलला. पाणी मांडीवर सांडलं. ते छोटीकडे बघत होते, तोंड थोडं उघडं, आत घेतलेला श्वास आतच राहिला होता.

ती जिन्यावरून कशी गेली हे तिला नंतर आठवलं नाही.

आत्यानं भिंतीतला प्लग काढून यंत्राचा लावला होता, आणि वायर आड येते म्हणून बॅटरीचाही काढून ठेवला होता. पडदा काळा होता. सिग्नलचा दिवा विझला होता.

"लाव," छोटी म्हणाली. "सगळं परत लाव."

आत्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती खाली वाकली. यंत्र बंद झालं. पडद्यावर अक्षरं उमटू लागली. कॉम्प्युटर आपल्या चालीनं जागा होत होता.

खोली शांत झाली, आणि त्या शांततेत रूळ वाजले.

अगदी बारीक. टिक, टिक. जोडावरून चाक जावं तसं.

छोटीनं सिग्नलच्या पुढं, रुळांवर आडवा तळहात ठेवला.

आधी फक्त गार वाटलं. मग हाताच्या कडेला काहीतरी टेकलं.

ते थांबलं. मग त्यानं रेटलं.

हात मागं सरकू लागला. खेळण्यातल्या इंजिनाला बोटानं अडवता येतं, एवढी त्याची ताकद असते. ही ताकद तशी नव्हती. हिच्यामागं लांबलचक वजन होतं, एकामागं एक जोडलेलं. छोटीनं दुसरा हात मनगटावर दाबला, पाय फळीच्या खांबाला रोवले. करंगळीखालची कातडी पांढरी झाली आणि तिच्यावर दोन बारीक खाचा उमटल्या. आत्या बघत होती.

"लाल आहे," छोटी म्हणाली. आवाज चढवला नाही. लिफ्टला सांगावं तसं सांगितलं. "दिवा असो नसो. मी सांगतेय, लाल आहे."

रेटा तसाच राहिला.

"अजिबात जाऊ देणार नाही."

पडद्यावर रुळांचा नकाशा उमटला. काडीएवढ्या सिग्नलवर लाल दिवा लागला.

हातावरचा दाब कमी झाला. टिक, टिक, दोनदा, मागं.

खालून अप्पांच्या खोकल्याचा आवाज आला. छोटीनं हात उचलला तेव्हा ती हसत होती. आत्या भिंतीला टेकून खाली बसली. उंदरांचं नाव तिनं त्यानंतर कधी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपली सतरंजी त्या खोलीत नेऊन टाकली आणि प्लगपाशी झोपू लागली.

दिवस गेले. थंडी आली, गेली. एकदा छोटी अप्पांना दुपारचा चहा द्यायला गेली तर ते आरशासमोर बसले होते. शेजारी दाढीचं सामान, कोरडं. त्यांनी तिला जवळ बोलावलं, तिचा हात आपल्या गालावरून फिरवला. गाल गुळगुळीत होता. अप्पांनी सांगितलं की तो सिग्नल लाल झाल्यापासून त्यांनी दाढी केलेली नाही. नखंही कापलेली नाहीत. आताशा भूक लागत नाही, तरी अशक्तपणा येत नाही. झोप लागते, पण स्वप्नं पडत नाहीत. ते हे सगळं तक्रार म्हणून सांगत नव्हते. कवळी कुठं लागतेय ते गिऱ्हाईक सांगतं तसं सांगत होते.

"मीपण सिग्नलला उभा आहे, छोटे," ते म्हणाले.

"उभे राहा मग."

"त्या गाडीत माणसं बसलीत गं. आपले चष्मेवाले आहेत, ती अंडीवाली आहे. त्यांना पुढं कुठंतरी जायचं असेल. माझ्यापायी खोळंबलीत ती."

"खोळंबू देत," छोटी म्हणाली. "गाडीला उशीर झाला म्हणून आजवर कुणी मेलं नाही, अप्पा."

बोलून गेल्यावर तिला आपलंच वाक्य कळलं. अप्पांनाही कळलं. ते हसू लागले, सगळे दात दाखवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तीही हसली. मग अप्पांनी तिच्या हातावरच्या त्या दोन खाचांवर अंगठा ठेवला. त्या कधी भरून आल्या नव्हत्या. तिनं किती दिवस असं चालवायचं ठरवलंय, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मी आहे तोवर. त्यानंतर कोण, असं त्यांनी विचारलं नाही. कपातला चहा त्यांनी तिच्या समाधानासाठी पिऊन टाकला.

हे झालं त्याच आठवड्यात पडद्यावर वळणाच्या मागचा ब्लॉकही लाल झाला.

छोटीनं आधी वळणाकडं पाहिलं. वळण लालच होतं. म्हणजे आधीची गाडी हलली नव्हती. ही दुसरी होती. पुढचा ब्लॉक भरलेला म्हणून नियमाप्रमाणं आपोआप लाल झालेल्या सिग्नलला ती गुपचूप येऊन उभी राहिली होती. मग दुसऱ्या ठाण्यावर तिसरी, पुलावर चौथी, पहिल्या ठाण्यावर पाचवी. मग बोगद्याबाहेर एक. बोगद्याची तार छोटीनं पुन्हा जोडून पाहिली, तिथंही लाल होतं. आत्या बाजारातून येताना बातम्या आणायची. अमक्याच्या आजीला डॉक्टरांनी आता घरी न्यायला सांगितलं होतं, ती अजून डोळे उघडून पडली आहे. तमक्याच्या पोरावरून ट्रक गेला, कसा वाचला देव जाणे. वाचला म्हणजे काय ते आत्यानं सांगितलं नाही. ती एवढं बोलायची आणि छोटीकडे न बघता भाजी निवडायला बसायची.

सिग्नल हिरवा करायला एक बोट पुरलं असतं. छोटी त्या चौकोनाकडं बराच वेळ बघत बसली. खाली अप्पा रेडिओ लावून बाकीच्या जगाच्या बातम्या ऐकत होते, मधूनच स्वतःशी काहीतरी पुटपुटत होते. तो आवाज ती लक्ष देऊन ऐकत राहिली. मग उठली आणि खोलीची उरलेली भिंत मोजायला टेप घेऊन आली.

जागा कमी पडतेय तर जागा करायची. डोंगराच्या मागं, दाराच्या पलीकडल्या कोपऱ्यापर्यंत फळी रिकामी होती. तिथं तिनं नवे रूळ टाकायला घेतले, मागं उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी. खेळण्यांच्या दुकानातून आणलेले कोरे रूळ, माथ्यावर कारखान्याचा मळकट करडा थर तसाच. चाकं फिरून फिरून तो थर निघतो आणि मग माथा चकाकतो, त्याला महिने लागतात. सबंध दिवस ती फळीवर ओणवी होऊन खिळे ठोकत होती. शेवटचा तुकडा कोपऱ्यातल्या भिंतीला जाऊन भिडला. डोंगराच्या बाजूचा जोड अजून लावायचा होता, मध्ये बोटभर फट ठेवली होती. तार एकही जोडलेली नव्हती.

सकाळी ती जोड लावायला वर गेली. आत्या प्लगपाशी बसून होती, जागी, गुडघ्यांना मिठी मारून. तिनं हातानं नुसतं कोपऱ्याकडं दाखवलं.

डोंगराच्या बाजूनं रूळ काल होते तसेच मळकट होते, अर्ध्यापर्यंत. तिथून पुढं भिंतीकडं त्यांचा माथा आरशासारखा लखलखत होता, भिंतीला भिडतो त्या टोकापर्यंत, जणू रात्रभर भिंतीतून गाड्यांमागून गाड्या आत आल्या होत्या.

छोटीनं वाकून त्यावर बोट टेकवलं. रूळ गरम होता.

तिनं बोट झटकलं, पर्स उचलली आणि आत्याला सांगितलं की खेळण्यांचं दुकान उघडायची वेळ झालीय, ती आणखी रूळ घेऊन येते.